साथीला बसलेला माणूस : लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर



आपल्या वार्तापत्रात दर वेळी एका थोर व्यक्तीचा परिचय देण्याची प्रथा आहे. या वेळी मी गोमंतकातील एका तबलावादकाची निवड केली आहे. त्यामागे एक कारण आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी तालुका पातळीवरील भजन स्पर्धेत आपल्या शाळेच्या पथकाला दुसरे बक्षीस मिळाले. आपण त्याचा फोटो छापला, खाली आठ गायक मुला-मुलींची नावे दिली. पेटी वाजवणारी मुलगी फोटोत आलीच नाही आणि तबला वाजवणाऱ्या मुलाचा फक्त एक हात कडेला दिसत होता. दोघांची नावेही राहून गेली. प्रमाणपत्रेसुद्धा आठच आली होती आणि तेव्हा ते माझ्या लक्षात आले नाही. ही चूक माझी. पुढे तो मुलगा सरावाला येईनासा झाला. विचारल्यावर त्याने खाली मान घालून सांगितले, की यंदा त्याला गाणाऱ्यांत बसायचे आहे, कारण गाणाऱ्यांची नावे येतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ते उत्तर शोधताना मला खाप्रुमामा आठवले.

खाप्रुमामांचे मूळ नाव लक्ष्मण. जन्म १८८० च्या सुमारास. मडगावहून केपेकडे जाताना पारोडा हे गाव लागते. तेथील उंच डोंगरावर श्रीचंद्रेश्वर भूतनाथाचे प्राचीन देवस्थान आहे. या डोंगराच्या आश्रयाने वसलेला गाव म्हणजे पर्वत. या गावावरून त्यांचे आडनाव पर्वतकर. खाप्रु हे त्यांचे घरगुती नाव, आणि मामा ही लोकांनी आदराने दिलेली पदवी. गोव्यात वडीलधाऱ्या वादकांना मामा म्हणण्याची पद्धतच होती. वल्लेमामा, सुब्रायमामा, खाप्रुमामा अशी नावे जुन्या जाणकारांच्या बोलण्यात सतत येतात. गाणाऱ्याला बुवा म्हणावे, वाजवणाऱ्याला मामा म्हणावे. बुवा या शब्दात मान आहे, तर मामा या शब्दात घरचे नाते आहे.

त्या काळचा गोवा कसा होता हे मुलांनी समजून घ्यायला हवे. आपला पेडणे तालुका, शेजारचे डिचोली आणि सत्तरी, तसेच फोंडा, सांगे, केपे हे सारे भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात उशिरा, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. यांना नव्या काबिजादी म्हणतात. जुन्या काबिजादींतील देवळे मोडली गेली होती, पण या भागात देवळे टिकली आणि देवळांच्या आधाराने संगीतही टिकले. पालखी, उत्सव, सप्ताह, आरती, कीर्तन, दशावतार, सर्वत्र गाणे आणि वाजवणे होते. आजही आपल्याकडे चतुर्थीला घरोघर घुमटावर आरत्या होतात, साखळीच्या विठ्ठल मंदिरात चैत्री उत्सव होतो, भजनी सप्ताहात अहोरात्र टाळ थांबत नाही. ज्या घुमटाला २०१९ साली गोवा सरकारने राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, ते घुमट आपली मुले न शिकवताच वाजवतात. ताल हा आपल्याकडे शाळेत येण्याच्या आधी कानात येतो.

या देवळांच्या सेवेत कलावंत घराणी होती. या घराण्यांतील स्त्रिया गात आणि नृत्य करीत, पुरुष सारंगी, तबला, पखवाज वाजवत. त्यांच्या कलेवर उत्सव उभे राहत, पण समाजाने त्यांना बरोबरीचा मान दिला नाही, ही आपल्या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे. गाणे ऐकायला सर्वजण येत, पण गाणाऱ्या घरात मुलगी द्यायला किंवा त्यांच्या पंक्तीला बसायला कोणी तयार नसे. त्यातही गाणाऱ्या स्त्रीचे नाव निदान लोकांच्या तोंडी असे. मागे बसून सारंगी किंवा तबला वाजवणाऱ्या भावाचे, मामाचे नाव कोण विचारणार? विसाव्या शतकाच्या प्रारंभी या समाजाने स्वतःच संघटित होऊन शिक्षण आणि सुधारणेचा मार्ग धरला, आणि पुढे त्यातून मोठमोठे कलाकार, लेखक, डॉक्टर, शिक्षक निर्माण झाले. खाप्रुमामा याच परंपरेत जन्मले आणि याच बदलत्या काळात वाढले.

घरात सारंगी आणि तबला दोन्ही होते. खाप्रुमामांच्या हाती दोन्ही वाद्ये आली. पुढे त्यांची कीर्ती तबल्यावर आणि विशेषतः लयीवर झाली, तरी सारंगीची गोष्ट विसरता कामा नये. सारंगी हे गळ्याच्या मागोमाग जाणारे वाद्य आहे. गायक काय गातो आणि पुढे काय गाईल याचा अंदाज सारंगीवाल्याला क्षणोक्षणी घ्यावा लागतो. सारंगीवर हात बसलेला माणूस तबल्यापाशी आला, तर तो केवळ ठेका धरणारा राहत नाही. त्याला गाणे आतून कळते. कुठे गायकाला श्वास घ्यायचा आहे, कुठे तान समेवर आणायची आहे, हे त्याला आधीच दिसते.

आता लय म्हणजे काय, ते पाहू. गणिताच्या तासाला उपयोगी पडेल, म्हणून विद्यार्थ्यांनी हा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचावा.

घड्याळाची टिकटिक जशी समान अंतराने चालते, तशी संगीतात काळाची समान गती म्हणजे लय. त्या गतीतील एक घटक म्हणजे मात्रा. ठराविक मात्रांचा एक फेरा म्हणजे आवर्तन आणि आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम. त्रितालात १६ मात्रा, एकतालात १२, झपतालात १०, रूपकात ७. आपण भजनात जो ठेका वाजवतो, तो ८ मात्रांचा. गायक कितीही दूर फिरून आला, तरी त्याला समेवर यावे लागते. तबलजी ती सम सांभाळून बसलेला असतो.

समजा एका हाताने त्रिताल धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच गतीत झपताल. दोघे एकाच क्षणी निघाले, तर पुन्हा दोघांची सम एकाच क्षणी केव्हा येईल? १६ आणि १० यांचा लसावि काढा. उत्तर ८०. म्हणजे त्रितालाची ५ आवर्तने आणि झपतालाची ८ आवर्तने झाली की दोन्ही हात एकत्र समेवर येतील. आता त्यात पायाने रूपक धरा. १६, १० आणि ७ यांचा लसावि ५६०. त्रितालाची ३५, झपतालाची ५६ आणि रूपकाची ८० आवर्तने होईपर्यंत तिघांची सम एकत्र येणार नाही. कागदावर हे उदाहरण दोन मिनिटांत सुटते. पण दोन हात आणि एक पाय यांनी ते प्रत्यक्ष करायचे, मधली एकही मात्रा न चुकवता, आणि तोंडाने आणखी वेगळेच बोल म्हणायचे, हे किती कठीण असेल याची कल्पना करा.

खाप्रुमामा नेमके हेच करीत. दोन हातांनी दोन ताल, पायांनी आणखी वेगळे ताल आणि तोंडाने त्याहून निराळी लय असा त्यांचा प्रयोग ज्यांनी पाहिला, त्यांनी आयुष्यभर त्याचे वर्णन केले. मात्रेचे अर्धे, पाव, पाऊण, सव्वा, दीड असे भाग तर अनेक वादक करतात. खाप्रुमामांना त्याहून कितीतरी अवघड अपूर्णांक हातात आणि मनात खेळवता येत. त्यांच्या काळात यंत्रे नव्हती, मोजायला काही साधन नव्हते. मोजणारे ते स्वतःच होते. शाळेतील अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावे, की आपल्याच गोव्याच्या एका डोंगरगावातील माणसाने अपूर्णांकांशी अशी मैत्री केली होती.

त्या काळी गोव्यातील कलाकाराला पुढे जायचे असेल, तर मुंबई गाठावी लागे. गाण्याच्या बैठका, नाटक कंपन्या, मोठे उस्ताद आणि जाणकार श्रोते तेथे होते. खाप्रुमामांचाही मुंबईच्या संगीत जगताशी निकटचा संबंध आला. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) कोल्हापूर दरबारात अनेक वर्षे राहिल्यावर १९२२ नंतर मुंबईत आले होते. त्यांची गायकी लयीच्या दृष्टीने अतिशय अवघड. तान मात्रेच्या कुठल्याही भागातून उठेल आणि वळणे घेत समेवर येईल. योगायोग असा, की ही गायकी सर्वांत समर्थपणे पुढे नेणाऱ्या दोन गायिका गोव्याच्या होत्या. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१). मोगूबाई लहानपणी ज्या नाटक मंडळीत होत्या, तिचे नाव चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी होते. खाप्रुमामांच्या डोंगरावरचाच तो देव. गोवा लहान आहे आणि गोव्याचे संगीत तर त्याहून जवळच्या नात्याने बांधलेले आहे.

अल्लादिया खाँ साहेब कोणाचे सहज कौतुक करणारे नव्हते. पण त्यांनीच खाप्रुमामांना लयब्रह्मभास्कर ही पदवी दिली. लोकांनी ती सुटसुटीत करून लयभास्कर केली. भास्कर म्हणजे सूर्य. लयीच्या जगातला सूर्य असा हा गौरव आहे. गौरव करणारे स्वतः गायक होते, आणि ज्यांचा गौरव झाला ते गायकाच्या बाजूला बसणारे होते, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. ज्याला खरे गाणे येते, त्याला साथीची किंमत कळते.

मी हिंदी माध्यमातून शिकलो. हिंदीत साथ करणाऱ्याला संगतकार म्हणतात. हिंदी कवी मंगलेश डबराल यांची त्याच नावाची एक कविता आहे. मुख्य गायकाच्या मागे आपला आवाज हेतुपूर्वक थोडा खाली ठेवणाऱ्या माणसाबद्दल ती आहे. मराठीत आपण साथीदार म्हणतो. साथ हा शब्द आपण लग्नात वापरतो, संकटात वापरतो, आजारपणात वापरतो. साथ देणे म्हणजे पुढे न जाणे आणि मागेही न पडणे. हे दोन्ही एकाच वेळी साधणे सोपे नाही.

ज्याच्या अंगात खाप्रुमामांएवढी विद्या आहे, त्याला साथ करणे आणखी कठीण. गायकाची तान चालू असताना त्याहून अवघड काही वाजवून दाखवावे, टाळ्या घ्याव्यात, हा मोह होणारच. चांगला साथीदार हा मोह आवरतो. नवखा गायक घाबरला, तर त्याला सम स्पष्ट दाखवतो. अनुभवी गायक मोकळा सुटला, तर ठेका स्थिर ठेवतो. जिथे गायक स्वतःहून जागा देतो, तिथेच आपले कौशल्य दाखवतो. सगळ्या गाण्याचा पाया त्याच्या हातात असतो, आणि पाया डोळ्यांना दिसत नाही. घराचा पाया दिसत नाही म्हणून कोणी त्याला बिनमहत्त्वाचा म्हणत नाही. मग तबलजीचे नाव आपण का विसरतो?

खाप्रुमामांनी आपली विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. लय ही मागे पुतळ्यासारखी उरत नाही. हात थांबला की ती संपते. ती टिकवायची असेल, तर दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते. नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर (१९१३-२००८) हे गोव्याचे फार मोठे तबलावादक. वल्लेमामांकडे प्रारंभ केलेल्या नागेशकरांना ज्या गुरूंचा लाभ झाला, त्यांत खाप्रुमामा होते. पुढे त्यांनी मुंबईत उस्ताद अमीर हुसेन खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि स्वतः अनेक शिष्य तयार केले. पंडित सुरेश तळवलकर हे नागेशकरांचे शिष्य. आज देशभर जी तरुण मुले त्यांच्याकडून लयीचा अभ्यास करतात, त्यांच्यापर्यंत गोव्याच्या या मामा मंडळींचे काही ना काही पोहोचले आहे. ज्याचे नाव ऐकले नाही, त्याचेही ऋण आपल्यावर असते, ते असे.

आपल्या पेडणे भागातील मुलांनी आणखी दोन नावे लक्षात ठेवावीत. मधुकर पेडणेकर, ज्यांना सारे पी. मधुकर म्हणून ओळखत, ते हार्मोनियमचे जादूगार होते. त्यांच्या आडनावात आपला तालुकाच आहे. त्यांचे शिष्य बोरीचे तुळशीदास बोरकर (१९३४-२०१८) यांना हार्मोनियमवादनासाठी २०१६ साली पद्मश्री मिळाली. दुसरे नाव व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर यांचे. त्यांचे आडनाव आपल्या पार्से गावावरून आलेले. पेटीच्या साथीला तर एके काळी आकाशवाणीचा दरवाजाच बंद होता. १९४० साली पेटीवर बंदी घातली गेली आणि ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. तीस वर्षे देशाच्या रेडिओवर पेटी वाजली नाही, पण भजनाच्या मंडपात, देवळाच्या चौकात, नाटकाच्या तालमीत ती एक दिवसही थांबली नाही. साथीदारांची निष्ठा म्हणजे काय, ते यावरून समजते.

खाप्रुमामांचे १९५३ साली निधन झाले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९६१ साली, गोवा मुक्त झाला. त्यांनी स्वतंत्र गोवा पाहिला नाही. गोव्यातील कला अकादमी, संगीताची विद्यालये, शिष्यवृत्त्या, शाळांच्या स्पर्धा हे सारे नंतर आले. आज आपल्या मुलांना तबला शिकायला गावात शिक्षक मिळतो, परीक्षा देता येते, प्रमाणपत्र मिळते, आणि कोणी त्यांची जात किंवा घराणे विचारत नाही. ज्या पिढीला यांपैकी काहीच मिळाले नाही, तिने आपल्यासाठी ताल सांभाळून ठेवला.

आता पुन्हा आपल्या शाळेकडे येतो.

या अंकात गेल्या वर्षीच्या भजन पथकाचा फोटो पुन्हा छापला आहे. त्यात दहा मुले आहेत आणि खाली दहा नावे आहेत. पेटी आणि तबला वाजवणाऱ्या दोघांची नावे वर्णानुक्रमे जिथे यायला हवीत, तिथेच आहेत. शेवटी नाहीत आणि साथीला असे वेगळे लिहूनही नाहीत. त्या दोघांना शाळेतर्फे प्रमाणपत्रे प्रार्थनेच्या वेळी देण्यात आली. यापुढे आपल्या शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमात निवेदकाने गायकांबरोबर साथीदारांची नावे घ्यावीत, असा नियम केला आहे. मी स्वतः विसरलो, तर कोणत्याही विद्यार्थ्याने मला तिथल्या तिथे आठवण करून द्यावी.

पालकांना एक विनंती. मुलगा गाणे शिकायला बसला नाही आणि तबल्याकडे वळला, तर गुणांचे आणि नावाचे काय असे त्याला विचारू नका. एकाग्रता, ऐकण्याची सवय आणि दुसऱ्याला सांभाळून घेण्याची वृत्ती या तीन गोष्टी तबला जितक्या लवकर शिकवतो, तितक्या लवकर उपदेश शिकवत नाही. मुलींनाही तबल्यावर बसू द्या. तबला फक्त मुलांचा, हा समज आता सोडायला हवा.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपल्या तबल्याच्या जोडीची शाई पावसाळ्यातील दमटपणाने उडाली आहे आणि डग्ग्याची पुडी सैल झाली आहे. मुले अशा वाद्यावर सराव करतात आणि सूर लागत नाही म्हणून स्वतःला दोष देतात. एक जोडी दुरुस्त करून घ्यावी आणि एक नवी घ्यावी. पावसाळ्यात वाद्ये ठेवायला कोरडे कपाटही हवे.

विद्यार्थी मित्रांनो, जो मुलगा यंदा गाणाऱ्यांत बसू इच्छित होता, त्याला मी हा लेख आधी वाचायला दिला. गाणाऱ्यांत बसायचे असेल तर तेही खुशाल करावे, असे त्याला सांगितले आहे, कारण गाणे ही काही कमी गोष्ट नव्हे. निर्णय त्याचा आहे. त्याने लेख परत दिला, तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलीने १६, १० आणि ७ यांचा लसावि काढलेला होता. खाली त्याने आणखी एक उदाहरण स्वतःहून घातले होते. भजनी ठेक्याच्या ८ मात्रा आणि रूपकाच्या ७. उत्तर ५६. ते बरोबर आहे. बाकीच्यांनीही करून पाहावे, आधी कागदावर, आणि मग दोन हातांनी.